व्हिएतनामचा सेनापती, शिवराय आणि एक फॉरवर्ड

शिवजयंती जवळ आली की हा मेसेज हमखास येतो. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून. त्यांच्या समाधीवर म्हणे ‘शिवरायांचा एक मावळा इथे विसावला आहे’ असं कोरलंय. हाच मजकूर महाराणा प्रतापांच्या नावानेही फिरतो. खरं तर तिथेच पाल चुकचुकायला हवी.

आधी राष्ट्राध्यक्ष. मेसेजमध्ये नाव नसतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हो चि मिन्हच येतात. ते वारले 2 सप्टेंबर 1969 ला. अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं ते 30 एप्रिल 1975 ला. मग विजयानंतर मुलाखत दिली कोणी?

समाधीचंही तेच. हो चि मिन्ह यांचा देह हनोईच्या बा दिन्ह चौकात जतन करून ठेवलाय. दर्शनाला रांगा लागतात. मावळ्याचा उल्लेख तिथे असता, तर आपल्याकडच्या टूरवाल्यांनी तो कधीच जाहिरातीत छापला असता.

आता ‘चरित्र वाचून’. लढाया आखणारा माणूस होता सेनापती व्हो न्गुएन गियाप. हनोईच्या थांग लाँग शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. लष्करी शाळेचं तोंडही न पाहिलेला. नेपोलियनच्या लढाया ते फळ्यावर तपशिलाने मांडत, असं विद्यार्थी सांगत. पण स्फूर्ती घरचीच होती. अमेरिकेच्या आधी झुंज होती ती तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांशी. 1951 मध्ये तांबड्या नदीच्या खोऱ्यात त्यांच्यावर केलेल्या तीन मोहिमांची नावंच बघा: मंगोलांना हरवणारा त्रान हुंग दाओ, फ्रेंचांशी झुंजलेला होआंग होआ थाम, 1789 च्या सणासुदीत चिनी फौज उधळणारा क्वांग त्रुंग. (तिन्ही मोहिमा फसल्या, माणसंही फार गेली. मास्तर लढता लढता शिकले.)

यावर काही जण म्हणतात, असेना मुलाखत खोटी, डावपेच तर गनिमी काव्याचेच ना? सुरुवातीला, हो. 22 डिसेंबर 1944 ला काओ बांगच्या जंगलात 34 जणांची तुकडी उभी राहिली आणि तीन-चार दिवसांतच तिने वेश पालटून फ्रेंच चौक्या मारल्या. आपल्याला ओळखीचं वाटावं असंच. पण साम्य दिसलं म्हणून शिष्यत्व सिद्ध होत नाही.

शिवाय ज्या लढाईने फ्रेंचांची सत्ता संपवली, ती दिएन बिएन फू या फ्रेंच ठाण्याची लढाई छाप्याची नव्हतीच. चीनकडून आलेल्या, दोन टनांहून जड तोफा सैनिकांनी दोरखंड लावून डोंगरांवर ओढत नेल्या. जानेवारी 1954 च्या अखेरीस हल्ल्याची वेळ ठरलेली होती. ऐन वेळी गियापनी तो रद्द केला आणि त्याच तोफा मागे ओढायला लावल्या. आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय, असं ते पुढे म्हणत. घसरणारी विमानविरोधी तोफ अडवताना ‘तो विन्ह दिएन’ नावाचा सैनिक चाकाखाली चिरडला गेला. मग नव्याने मोर्चे बांधले, खंदक शत्रूच्या तारांपर्यंत खणत नेले, दोन-दोनशे किलो ओझं लादलेल्या सायकली ढकलत हमालांनी तांदूळ पोचवला. 13 मार्चला तोफा सुटल्या, 7 मेला ठाणं पडलं.

या आठ आठवड्यांच्या वेढ्याला गनिमी कावा म्हणायचं असेल, तर सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्यालाही तेच म्हणावं लागेल.