पूर ओसरल्यावर पंचायतीला जाब कशाचा विचारायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पूर ओसरल्यानंतर ग्रामपंचायतीने काय करायचं असतं, या माझ्या लेखावर तुम्ही तपशिलात लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे खात्यावर पडून असताना पंचायतीने पूरग्रस्तांना एक रुपयाही दिला नाही. नळाला पाणी अकराव्या दिवशी आलं, तेही गढूळ. दोन भावांची दोन घरं पडली आणि मदत एकाच्याच नावावर आली. शेवटी तुम्ही म्हणता की माझा लेख म्हणजे सरपंचांना काढून दिलेली पळवाट आहे.

पहिल्या आक्षेपात तुम्ही जाब चुकीच्या दारी विचारताय. दुसरा निम्म्याहून जास्त बरोबर आहे. तिसरा पूर्ण बरोबर आहे. तो मुद्दा मी लेखात एका ओळीत उरकला, ही माझी चूक.

आधी पैशाचं बघू. घर, पीक, जनावर यांची नुकसानभरपाई राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25. ती तहसीलदारांकडून थेट बँक खात्यात जमा होते, पंचायतीच्या खात्याला शिवतसुद्धा नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या निधीची वाटणी ठरलेली होती. 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार किंवा घरोघरी रोख मदत वाटता येत नव्हती. घरपट्टी-पाणीपट्टीतून जमणाऱ्या स्वनिधीतले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला काढावे लागतात. उरलेल्यात शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी आणि वीजबिल. त्यामुळे ‘पैसे असून दिले नाहीत’ हा आरोप टिकत नाही.

मात्र याच नियमांतून पंचायतीला अडचणीचा ठरेल असा प्रश्नही निघतो. बंधित निधी पाण्यासाठीच असेल, तर मोटार दुरुस्ती, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), फुटलेली पाइपलाइन यांना पैसे नव्हते असं म्हणता येणार नाही. काम पंचायतीच्या आराखड्यात नसेल तर ग्रामसभेत पुरवणी आराखडा मंजूर करून तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि मग सरपंच व ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीने पैसे निघतात. हे मे महिन्यात करून ठेवलेलं असेल तर पुरानंतर फक्त काम उरतं. ऑगस्टमध्ये चिखल तुडवत ग्रामसभेचा कोरम जमवायचा म्हणजे आठवडा गेलाच.

आता पाणी. अकरा दिवसांपैकी किती दिवस अटळ होते आणि किती हलगर्जीचे, हे वेगळं काढता येतं. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, पाण्याखाली गेला असेल तर महावितरणने तो तपासून वीज सोडेपर्यंत पंचायतीचा इलाज नाही. मोटार बुडाली असेल तर ती उघडून, वाळवून, मेगर या मापकाने तारांचं इन्सुलेशन बघितल्याशिवाय चालू करायची नसते. घाईने बटण दाबलं की वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळतं आणि दोन दिवसांचं काम दहा दिवसांवर जातं. स्टार्टर पॅनेल मात्र बुडायलाच नको होतं. चार बोल्ट आणि केबल सोडवली की ते दोन माणसांनी उचलून नेता येतं. पाणी चढायला लागल्यावर हे काम कोण करणार, त्याचं नाव आधी ठरलेलं नसतं, म्हणून ते राहून जातं.

विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर नेहमीचा डोस उपयोगाचा नाही. मी लेखात फक्त ‘निर्जंतुकीकरण करावं’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून आता हिशोबासह लिहितो. समजा विहिरीचा व्यास 6 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर. 3.14 गुणिले 6 गुणिले 6 गुणिले 4, भागिले 4, म्हणजे 113 घनमीटर. झालं 1 लाख 13 हजार लिटर. एरवी हजार लिटरला 33 टक्के क्लोरीनची पावडर 5 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण 565 ग्रॅम लागते. पुरानंतर पहिल्या वेळी हजार लिटरला 50 ग्रॅम निव्वळ क्लोरीन धरायचं. म्हणजे याच विहिरीला 33 टक्क्यांची 17 किलो पावडर लागते. पावडर जुनी होऊन 20 टक्क्यांवर आली असेल तर 28 किलो, म्हणजे 25 किलोचं एक पोतंही पुरत नाही. गावाचं चुकतं ते इथे. पोतं असतं, पण ते वर्षभर उघड्या तोंडाने ओलसर खोलीत पडलेलं असतं. टाकणारा आकडा 33 चा धरतो, पावडर निघते 15 ची, आणि नोंदवहीत ‘शुद्धीकरण केले’ असं लिहिलं जातं.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गढूळ पाणी उपसून टाकायचं, कारण गाळ आणि कुजका पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात. मग बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायची आणि वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत ओतून विहिरीत सोडायची. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. बादली दोराने खाली-वर हलवून पाणी ढवळायचं. 24 तास कोणी पाणी घ्यायचं नाही. नंतर उग्र वास जाईपर्यंत उपसा, नव्या पाण्याला नेहमीचा डोस, अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो). आणि जीवाणू तपासणीचा नमुना आरोग्य केंद्राने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच पाठवायचा. त्या बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं. साध्या बाटलीत नमुना गेला तर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

तुमच्याकडे पाणी गढूळ का आलं, याचं कारण बहुधा विहिरीत नाही, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत आहे. वितरणाची पाइप बंद असते तेव्हा तिच्यात दाब नसतो. खड्ड्यात पुराचं पाणी साचलेलं आणि व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग, गळकी, म्हणजे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे टाकी धुऊन, पाणी शुद्ध करून सोडलं तरी नळाला पहिलं येतं ते खड्ड्यातलं. यावर उपाय असा की आधी सगळे खड्डे उपसायचे, पहिलं पाणी वॉशआउटमधून, म्हणजे पाइप धुऊन काढायच्या तोंडातून, सोडून द्यायचं आणि गल्लीच्या शेवटच्या नळावर ओटी चाचणी करायची. टाकीजवळच्या नळावर पिवळा रंग येणं पुरेसं नाही. जलसुरक्षकाच्या, म्हणजे गावात पाण्याची तपासणी करणाऱ्याच्या, नोंदवहीत त्या अकरा दिवसांत शेवटच्या नळाची चाचणी किती वेळा लिहिली आहे ते बघा. एकदाही नसेल, तर तुमचा राग अगदी योग्य ठिकाणी आहे.

स्वच्छतेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एकच सांगतो. शौचालयाची टाकी भरली म्हणून पाणी ओसरताच ती लगेच रिकामी करू नये. जमिनीत पाणी वर असताना रिकामी टाकी बाहेरच्या दाबाने वर उचलली जाते किंवा तिच्या भिंती आत येतात.

आता दोन भावांच्या घरांचं. याला मी पंचायतीची खरी कसोटी म्हणतो. पंचनामा तलाठी आणि ग्रामसेवक करतात, शेताचा असेल तर कृषी सहायकही असतात. घर कोणाचं हे ठरवताना हाताशी असतो पंचायतीचा नमुना नंबर 8, म्हणजे कर आकारणी यादी. ती मालकीचा पुरावा नाही, पण त्या दिवशी दारात तीच उघडली जाते. वडील जाऊन दहा वर्षं झाली, भाऊ वेगळे झाले, चुली दोन, वीजमीटर दोन, आणि नमुना 8 वर एकच मिळकत क्रमांक, वडिलांच्या नावावर. पंचनामा करणारा एकच घर लिहितो. नंतर तहसीलला हेलपाटे घालून त्यात क्वचितच दुरुस्ती होते, कारण कागद पंचायतीचाच आहे. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. ती घरोघरी जाऊन न करता जुन्या यादीवरून उतरवून काढली जाते. तुमच्या दोन भावांपैकी एकाचं नुकसान पुराच्या कितीतरी आधी तिथेच झालं. वेगळं रेशनकार्ड आणि वेगळं वीजबिल असेल तर ते जोडून तहसीलदारांकडे फेरतपासणीचा अर्ज अजूनही करा, आणि पंचायतीकडे वेगळ्या नोंदीचा.

याच पंचनाम्यात आणखी एक गोष्ट हातातून निसटते. पांढऱ्या मातीची भिंत चार-पाच दिवस पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरतं त्या दिवशी शाबूत दिसते. मग कडक ऊन पडतं, भिंत वरून वाळते, खालचा थर मऊच असतो, आणि आठ-दहा दिवसांनी ती बसते. पंचनामा तोवर ‘अंशतः नुकसान’ म्हणून झालेला असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये होते. किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला मात्र 4 हजार. एका आठवड्याच्या घाईची ही किंमत. म्हणून ग्रामसेवकांनी भिजलेल्या मातीच्या घरांची वेगळी यादी करून पंधराव्या दिवशी पुन्हा फेरी मारावी आणि पडलेल्या घरांसाठी फेरपंचनाम्याचं पत्र पंचायतीच्या लेटरहेडवर द्यावं. याला निधी लागत नाही.

तुम्ही विचारलंय की सूचना मिळूनही लोक का हलले नाहीत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, सांगलीत आयर्विन पुलावर 40 आणि 45. हे आकडे मोबाइलवर सगळ्यांना येतात. पण 41 फुटांना आपल्या गावात पाणी कुठल्या गल्लीत असतं, हे त्या संदेशात नसतं. 2019 आणि 2021 च्या पुरात कुठल्या दिवशी पाणी कुठे होतं ते जुन्या माणसांना विचारून, त्या दिवसांच्या पातळीशी जुळवून, समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने लिहिता येतं: ‘बंधाऱ्यावर इतके फूट, तेव्हा स्मशानभूमीचा रस्ता बंद, इतके फूट, तेव्हा खालची आळी रिकामी करायची, इतके फूट, तेव्हा मोटारीचं पॅनेल उचलायचं.’ पोलीस पाटील आणि सरपंच दोघांनीही मग त्याच पाटीकडे बोट दाखवायचं.

तुमच्या गावच्या आकारणी यादीची पुढची सुधारणा कोणत्या वर्षी आहे ते ग्रामसेवकांकडून विचारून इथे कळवा. त्या आधी द्यायच्या अर्जाचा मसुदा मी याच ठिकाणी देतो, दोन्ही भावांच्या सहीने तो जाऊ द्या.