‘मेलेले बियाणे’ या आपल्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

आदरणीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

आमच्या ठाण्यातील दुकानातून जानेवारीत नेलेल्या कारल्याच्या दहा बियांपैकी एकही आठ दिवसांत वर आली नाही, रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालून आणि दोनदा उकरून पाहूनही काही उपयोग झाला नाही, मटकीला एका रात्रीत मोड येतात तर हिला का नाही, आणि आम्ही ‘मेलेले बियाणे’ विकून फसवणूक करतो, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. आपला हिरमोड झाला याबद्दल मनापासून क्षमा मागतो. बिया रात्रभर पाण्यात भिजवून मगच लावाव्यात, हे गल्ल्यावरच्या गर्दीत आपल्याला सांगायचे राहून गेले. ती चूक आमचीच आहे.

मात्र ‘मेलेले’ हा शब्द मला मान्य करता येत नाही. आपण स्वतः जोडलेले छायाचित्र कृपया मोठे करून पाहावे. तळहातावरच्या चार बियांपैकी दोन बियांच्या निमुळत्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे काही दिसते. ते आदिमूळ आहे. बी उगवू लागली की सर्वांत आधी तेच बाहेर पडते आणि खाली जाते. कोंब त्यानंतर वर येतो. त्यामुळे मातीवर काहीच दिसत नाही त्या दिवसांतही आत काम सुरू असते. मेलेल्या बीला मूळ फुटत नाही. त्या दोन बिया जिवंत होत्या, आणि उकरताना त्यांचे कोवळे मूळ दुखावले असणार, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मटकीशी केलेली तुलनाही न्याय्य नाही. मटकीचे साल पातळ असते, पाणी लगेच आत शिरते आणि दोन डाळिंब्या, म्हणजे तिची बीजपत्रे, फुगून साल फाडतात. कारल्याच्या बीतही दोन बीजपत्रे असतात, त्यांतच कोवळ्या रोपाची शिदोरी साठवलेली असते, आणि त्यांच्या बेचक्यात इवलासा अंकुर व आदिमूळ दडलेले असते. पण या सगळ्यावर जाड, टणक कवच असते. पाणी ते हळूहळू भेदते. पाणी पोहोचल्यावर आतली विकरे, म्हणजे अन्नाचे विघटन करणारी द्रव्ये (एन्झाइम), जागी होतात, साठवलेले अन्न विरघळवून अंकुराला पुरवतात, आणि त्यासाठी बीला श्वास घ्यावा लागतो. कुंडीत सतत पाणी साचले की मातीतील हवेच्या जागा भरून जातात आणि बी गुदमरून कुजते. माती ओलसर हवी, चिखल नको.

शिवाय कारल्याला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. जानेवारीत ठाण्याच्या रात्री तितक्या उबदार नसतात, त्यामुळे उन्हाळ्यात आठवड्याभरात दिसणारे रोप या दिवसांत दोन आठवडेही घेते. प्रयोगशाळेतील उगवण चाचणीतसुद्धा कारल्याची अखेरची मोजणी चौदाव्या दिवशी करतात, तीही योग्य तापमान राखून. आपण आठव्या दिवशी निकाल दिलात. पाकिटावर उगवणक्षमता ६० टक्के आणि चाचणीची तारीख छापलेली आहे; म्हणजे दहापैकी साधारण सहा बियांची अपेक्षा धरावी, दहाही येतील असे आम्ही कधी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. रविवारी संध्याकाळी आपण दुकानात आलात तेव्हा इतर गिऱ्हाइकांसमोर आपला आवाज चढला होता, तरीही मी आपल्याला दुसरे पाकीट विनामूल्य देऊ केले होते. आपण ते न घेताच निघून गेलात. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही. आमचे दुकान लहान आहे, आणि नवे गिऱ्हाईक आत पाऊल टाकण्याआधी हेच तारे पाहते.

यापुढे पाकिटासोबत मराठीतून सूचनांची चिठ्ठी देण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही करत आहोत. ज्या सहा बिया अजून कुंडीत असतील, त्या कृपया उकरू नयेत आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी देऊ नये. चौदा दिवस उलटूनही एकही रोप दिसले नाही, तर पाकीट घेऊन यावे. पूर्ण पैसे परत मिळतील. एखादे जरी दिसले, तर ‘मेलेले’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, ठाणे