‘आत्यांना आता कशाला तपासणी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. बिनलग्नाच्या बाईला ही तपासणी सुचवणं म्हणजे तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं. धाराशिवकडच्या तुमच्या आत्या ५२ वर्षांच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना आता ती कशाला? आणि लेकुरवाळ्या बायकांची तपासणी बाळंतपणात होतेच, मी उगाच घाबरवते.

शेवटचं आधी घेते, कारण हा समज घरोघरी आहे. कळा सुरू झाल्यावर सिस्टर आतून तपासतात, ते पिशवीचं तोंड किती उघडलंय हे बोटांनी चाचपायला. कॅन्सरसाठीची तपासणी वेगळी. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं साधन) लावून पिशवीचं तोंड उजेडात बघायचं, त्यावर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा ठेवायचा, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा, म्हणजे संशयाची जागा, उमटतो का पाहायचं. सरकारी कार्यक्रमात ही ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी आहे.

आता वयाचा हिशेब लावा. विशीच्या आसपास लग्न, मग दोन मुलं, पंचविशी उलटता उलटता ऑपरेशन. तोवर आशाताईच्या वहीत बाईचं नाव असतं. दवाखान्याची भीडही बाळंतपणाने चेपते, हे मला मान्य. पण तपासणीचं वय सुरू होतं तेव्हा ती वहीतून गळलेली असते. दवाखान्यात जाते ती मुलांच्या तापासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) तिशी-चाळिशीतल्या शंभर बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरत नाहीत. त्यात लग्न झालेल्या, मुलं असलेल्याच बहुसंख्य, बरं का. (‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ म्हणत बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. कॅन्सरची भीती तिथेही दाखवली होती. तपासणी मात्र नाही.)

बिनलग्नाच्या बाईबद्दल तुमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १८४२ साली इटलीतल्या रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोनातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या, तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर (त्यातच गर्भाशयमुखाचाही मोजला जाई) नन्समध्ये फार क्वचित दिसला. कारण पुढे कळलं. हा आजार बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो लैंगिक संबंधातून लागतो. शरीरसंबंध कधीच आला नसेल तर धोका अगदी कमी. अशी बाई डॉक्टरांशी बोलून तपासणी नको म्हणू शकते. पण ते तिने ठरवायचं. केसपेपरवर ‘अविवाहित’ दिसलं की डॉक्टर पुढचं विचारायलाच संकोचतात, आणि चाळिशीची, एकटी राहणारी, कधीकाळी कुणाबरोबर राहिलेली बाई गप्प उठून घरी जाते. आणि चारित्र्याचं म्हणाल, तर आपल्याकडे हा आजार होणाऱ्या बहुतेक जणी संसारी बायका आहेत. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेलीलाही विषाणू त्या नवऱ्याकडून लागू शकतो.

आत्यांचं उत्तर यातच आलं. विषाणू लागल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं जातात. यजमान गेले म्हणून आधी शिरलेला विषाणू जात नाही. उलट विधवा बाई ‘आता मला काय करायचंय’ म्हणत सगळ्यात आधी मागे सरते. बाळंतपणं खूप झाली असतील तर धोका आणखी वाढतो, हेही लक्षात घ्या.

त्यांच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास केला होता. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्हीची चाचणी (पिशवीच्या तोंडाच्या नमुन्यात हा विषाणू आहे का हे पाहणारी) ज्या गटात एकदाच झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. त्या बायका ३० ते ५९ वयाच्या होत्या. आत्या अजून त्याच वयात आहेत.

त्यांना हे तुम्ही सांगू नका, लाजतील. वहिनींना सांगायला लावा. एचपीव्ही चाचणी जिथे होते तिथे नमुना स्वतः घेता येतो का, तेही विचारायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेला ती पद्धत मान्य आहे. मात्र पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जात असेल तर या तपासणीची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे न्या.