जुळ्या पोरी तुमच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत का?

डोकं फिरलंय नुसतं. माझ्या जुळ्या पोरी, दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या. थोरलीला ४६१, धाकटीला ४५८. अकरावी सायन्सच्या ऑनलाइन प्रवेशाच्या पहिल्या यादीत थोरलीला साताऱ्याचं कॉलेज आणि धाकटीला कऱ्हाडचं! आम्ही रहिमतपूरकडचे. एकीची एसटी एकीकडं, दुसरीची दुसरीकडं. तीन मार्कांपायी!

आणि खरा संताप तर पुढंच आहे. थोरली आपणहून म्हणाली, "आई, मी पण कऱ्हाडलाच जाते." तिचे मार्क तिथं बसतातच की, धाकटीला मिळालंय म्हटल्यावर! पण नाही. सातारा तिची पहिली पसंती, आणि पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. बहिणीसाठी चांगलं कॉलेज सोडायला निघालेल्या पोरीला ही शिक्षा? बरं, धाकटीनं थांबावं म्हटलं, तर दुसऱ्या फेरीत साताऱ्याचा कटऑफ उतरेल याची हमी कोण घेणार?

मदत केंद्रावरच्या बाईंनी स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही. "दोन अर्ज म्हणजे दोन विद्यार्थी. सिस्टीममध्ये जुळ्यांचं काही नाही." का नाही? खेळाडूंचा विचार आहे, प्रकल्पग्रस्तांचा आहे, माजी सैनिकांच्या मुलांचा आहे, बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचाही आहे. असायलाच हवा. मग एका पोटच्या, एका वर्गातल्या दोघींसाठी एक रकाना जड झाला?

२०२५ला हे ऑनलाइन प्रवेशाचं सगळ्या राज्याला लागू झालं. त्याआधी आपल्याकडं कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचे, समोर माणूस असायचा, अडचण सांगता तरी यायची.

मला कुणाची जागा नको. दोघींचे अर्ज जोडा आणि कमी मार्कवालीला जिथं मिळेल तिथंच दोघींना द्या. यात कुणाचं काय जातंय?

गावाकडच्या पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मान्य. पण थंडीत अंधार पडल्यावर फाट्यावर उतरून उसातल्या वाटेनं घरी यायचंय ना! दोघी सोबत असणार म्हणूनच घरचे तयार झाले होते. आता सासरे म्हणतात, थोरलीला जाऊ दे साताऱ्याला, धाकटीला जवळच कुठंतरी आर्ट्सला घाल. ती दोन दिवस रडतीये. तिला सायन्सच घ्यायचंय. ते तिचं या नियमापायी सुटलं, तर जाब कुणाला विचारायचा, तेवढं तरी सांगा!