टायमर विकता, मग दाबाचं का नाही सांगत?

गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक लावलं, त्याला टायमर घेतला आणि डोक्याला ताप झाला! खोक्यावर काय काय छापलंय. मोठा डिस्प्ले, वॉटरप्रूफ, वॉरंटी. पण आत पाणी सोडणारी झडप कुठली, विजेच्या चुंबकाने उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे की छोट्या मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह? एक अक्षर नाही. अहो, तीच तर मुख्य गोष्ट! बहुतेक सोलेनॉइड टायमरना अर्धा बार तरी दाब लागतो, म्हणजे पाण्याची टाकी नळाच्या ५ मीटर वर हवी. आमची टाकी गच्चीवरच, जेमतेम दीड मीटर उंच. दाब आणायचा कुठून? बॉल व्हॉल्व्हवाला घ्या, तो टाकीच्या पाण्यावर चालतो, एवढं एक वाक्य दुकानात कुणाला सांगता येत नाही?

बदलून आणला, तर प्रोग्रॅमिंगचा छळ. 'दर १२ तासांनी' लावलं की मोजणी बटण दाबल्या क्षणापासून सुरू! सकाळी ६ ला पाणी हवं तर मी ६ ला उठून गच्चीवर जायचं? मग टायमर कशाला घेतला? सेल बदलले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि सेल संपत आलाय हे आधी कळणार कसं? एप्रिलात चार दिवस गावाला गेलो. परत आलो तर डिस्प्ले कोरा आणि आईने लावलेला मोगरा वाळून काडी.