रॅम कुठंही गेलेली नाही, दर तासाला कॅश उडवायचं थांबवा राव

तो मेसेज परत फिरतोय. "लिनक्स सर्व्हरची रॅम भरली की मशीन स्लो होतं, म्हणून क्रॉनमध्ये दर तासाला ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ टाका, वरनं स्वॅपऑफ-स्वॅपऑन पण मारा, धोका शून्य." (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा; ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ टाकलं की कॅश, म्हणजे डिस्कवरच्या डेटाची रॅममधली प्रत, पुसली जाते; स्वॅप म्हणजे रॅमचा ओव्हरफ्लो ठेवायची डिस्कवरची जागा, स्वॅपऑफ-स्वॅपऑन ती बंद-चालू करतात.)

पहिलं म्हणजे रॅम भरली हे ठरवलं कशावरनं? 'फ्री -एच' ही मेमरी दाखवणारी कमांड मारली, फ्रीच्या कॉलमात २०० एमबी दिसले आणि धाबं दणाणलं. अहो तो कॉलम बघायचाच नसतो, शेवटचा 'अव्हेलेबल' बघा, तो आकडा कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः काढून देतो, आवृत्ती ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासून. रिकामी पडलेली रॅम काय कामाची, म्हणून कर्नल डिस्कवरनं वाचलेल्या फाइली तिथं ठेवतो आणि कुणाला जागा लागली की मुकाट्यानं सोडतो. (फ्री आणि कॅशची बेरीज पण करू नका हां, टीएमपीएफएस म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिममधल्या फाइली कॅशमध्येच मोजल्या जातात आणि त्या अशा सुटत नाहीत.)

दुसरं, कॅश उडवली की फास्ट होतं म्हणे. उलटंय! मला एकदा एक पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर मिळाला होता, १६ जीबीचा, दर तासाच्या ठोक्याला पाच-सात मिनिटं आचके द्यायचा, आम्ही क्वेऱ्या तपासल्या, इंडेक्स तपासले, नेटवर्कवाल्याशी भांडून झालं, आणि शेवटी रूटच्या (अ‍ॅडमिन युजरच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, हीच ड्रॉप_कॅशेसची ओळ सापडली. पोस्टग्रेस बराचसा भार ओएसच्या कॅशवर टाकतं, ती पुसली की तोच डेटा परत डिस्कवरनं ओढायचा. 'व्हीएमस्टॅट १' (दर सेकंदाला सिस्टिमचे आकडे दाखवणारी कमांड) लावून बसलो तर ठोक्याला 'बीआय' (डिस्कवरनं वाचन) आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) दोन्ही कॉलम उसळताना दिसले. ओळ काढली, आचके गेले.

धोका नाही हे अर्धं खरं. डेटा जात नाही, कारण डिस्कवर लिहायची राहिलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) ड्रॉप_कॅशेस सोडतच नाही. पण कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की टेस्टिंग-डिबगिंगच्या बाहेर हे वापरू नका.

गंमत म्हणजे काही जण हीच ओळ 'सुडो इको ३ >' अशी हातानं टाइप करतात आणि 'परमिशन डिनाइड' खातात, कारण ते > चिन्ह सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवणारा) नाही, तुमचा स्वतःचा शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) साध्या अधिकारानं चालवतो. तिथं इकोचं आउटपुट पाइप करून 'सुडो टी'ला द्यावं लागतं, ते रूट म्हणून फाइलीत लिहितं.

स्वॅपचं मात्र खरंच डेंजर आहे. स्वॅपऑफ मारलं की तिथली सगळी पानं रॅममध्ये परत आणावी लागतात, आणि रॅम खरोखर कमी असेल तर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) तुमचा डेटाबेसही उचलू शकतो. स्वॅपमध्ये १ जीबी नुसता पडून असेल तर असू दे की. 'व्हीएमस्टॅट'मध्ये 'एसआय' आणि 'एसओ' (स्वॅपमधनं आत येणारं आणि स्वॅपमध्ये जाणारं) सतत हलतायत का तेवढं बघा, पहिली ओळ सोडून, ती बूटपासूनची सरासरी असते.

आणि अव्हेलेबलच तळाला गेलं असेल तर 'पीएस ऑक्स --सॉर्ट=-आरएसएस' (प्रोसेसची यादी, जास्त रॅमवाली वर) मारा, रॅम कोण खातंय ते वरच्या दोन-चार ओळींत दिसेल.