किमान दोन जीबी

सकाळी उठल्यावर आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग किटली घेऊन गंगावेशीत जायचं. म्हशीचं धारोष्ण दूध डोळ्यांदेखत काढून घ्यायचं, कट्ट्यावर कालच्या फुटबॉल मॅचमधल्या पेनल्टीवर भांडायचं आणि घरी यायचं. पडद्यावरचं चक्र अजून फिरतच असतं.

यंत्र २०१० सालचं, रॅम (म्हणजे चालू कामापुरती मेमरी) २ जीबी. विंडोज ७ वर बिचारं बरं चालायचं. मग पुतण्यानं विंडोज १० घातलं. "काका, ६४-बिटला किमान २ जीबी लागती. आपल्याकडं हाय की तेवढी!"

'किमान' शब्दावर कोल्हापूरकरानं तरी विश्वास ठेवायला नको होता. "अर्धीच भाकरी वाढा" म्हणणारा पाव्हणा तांबड्याच्या किती वाट्या रिचवतो, हे आम्ही जन्मभर बघतोय. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी लागायची, विंडोज ११ ला किमान ४ जीबी. आकडा तोच, भूक तेवढी १०२४ पट.

रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकतं. म्हणजे ओट्यावर जागा नाही म्हणून परात माळ्यावर ठेवायची आणि दर भाकरीला शिडी लावायची. आमच्या डिस्कची करकर म्हणजे ती शिडी. लाईट बिल भरायला बसलो की अर्धा तास शिडीच वाजते.

शेवटी रॅम वाढवायची ठरवली. मी ऐटीत रॅमची नवी पट्टी आणली, डीडीआर ३ जातीची. आमचा बोर्ड निघाला आधीच्या पिढीच्या डीडीआर २ चा. दोन्हीच्या पिना २४०च, पण खाच भलतीकडे. मी थोडा जोर लावून पाहिला. (मंगळवार पेठेत जोर लावून न बसणारी गोष्ट आम्ही सहसा मान्य करत नाही.) दुकानदारानं पट्टी परत घेतली, पण डीडीआर २ चं नाव काढताच माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चार आण्याची मिसळ मागितली.

मग पुतण्यानंच विंडोज पुसून त्याजागी लुबुंटू नावाची लिनक्स सिस्टीम टाकली. म्हणे लुबुंटू हलकं असतं. खरंच हलकं! ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की अजून धापा टाकतं, पण सकाळी किटली शोधेपर्यंत सुरू होऊन बसतं. त्या दिवशी मी लगेच खुर्ची ओढून बसलो.

आतून आवाज आला, "अहो, मग आता दूध कोण आणणार?"